पोरगं लोकांना शहर दाखवत फिरतं, हे काम झालं का?

"मॅडम, चार वर्षं एमपीएससी केली त्यानं, अन् आता लोकाइले महाल दाखवत फिरते. हे काय काम झालं?"

नागपुरातल्या एका वडिलांचा हा प्रश्न; महाल म्हणजे तिथला जुना भाग. स्पर्धा परीक्षा सोडलेल्या मुलामुलींचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा शब्द बदलतात, काळजी हीच असते. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

मुलगा इतिहासात एम.ए. पूर्व परीक्षा निघायची, मुख्य परीक्षेत गाडी अडायची. शेवटच्या निकालानंतर तो घराबाहेर पडेना. बेल वाजली की आईला पाठवायचा, न जाणो कुणी "काय झालं रे?" विचारलं तर. मित्रानं ओढूनच त्याला रविवारच्या हेरिटेज वॉकला, म्हणजे जुनं शहर पायी दाखवणाऱ्या फेरीला नेलं आणि काही महिन्यांत तिथे तोच गाइड म्हणून बोलायला लागला.

वडिलांना बाहेर बसवून मी त्याला विचारलं, या कामातून तुला काय मिळतं? पैशांवर तो अडखळला. मग गांधीसागर तलावाचा विषय निघाला आणि तो खुर्चीत पुढे सरकून बसला. १७०२ साली बख्त बुलंद शाहानं शहर वसवलं, त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं हा तलाव बांधला. "हे सगळं पाठ होतं मॅडम, पण पेपरात कधी आलं नाही. आता मी सांगतो आणि रोज इथून गाडीवर जाणारी माणसं थांबून पाण्याकडे बघतात." गांधी गेटपाशी एक म्हातारे पानठेलेवाले मध्येच बोलले होते, "आमच्या घरी याले जुम्मा दरवाजाच म्हणत." पुढच्या रविवारी त्यानं गट मुद्दाम ठेल्यापाशी थांबवला आणि ते वाक्य त्यांच्याच तोंडून ऐकवलं.

या कामाची खरी कमाई मला इथे दिसते. गाइड देतो त्याहून जास्त त्याला लोकांकडून मिळतं. कुणी आजोळच्या वाड्याची आठवण सांगतं, कुणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत खांद्यावर बसून गेल्याची. आणि दोन तास त्याला कुणी निकाल विचारत नाही. मनानं खचलेल्या माणसाला आम्ही उभारी यायची वाट बघायला सांगत नाही, ठरल्या वेळी ठरलेलं काम आधी सुरू करायला सांगतो, उभारी मागून येते. सकाळी सातला आपली वाट बघत माणसं उभी आहेत, हे या मुलासाठी फार मोलाचं होतं.

तरी वडिलांची काळजी खोटी नव्हती, ते मी मुलाला स्पष्ट सांगितलं. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पायी फिरायला कोण येणार? कमाई मुख्यतः हिवाळ्याची, तीही शनिवार-रविवारची. आवड आहे म्हणून हिशेब टाळता येत नाही.

वडिलांना मी एकच विनंती केली, काका, एकदा त्याच्यासोबत चालून या. गुडघे दुखतात म्हणत गेले. तलावाकाठी, आता एम्प्रेस मॉल आहे तिथे, मुलगा सांगत होता की जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून हे नाव. काकांचे वडील याच मिलमध्ये कामाला. भोंगा झाला की आजी चुलीवर भाकर टाकायची, हे काकांनी तिथे अनोळखी लोकांसमोर सांगितलं. मुलानं ते पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानं काकांची काळजी मिटली असं नाही. सरकारी नोकरीची जाहिरात आली की ते अजून कापून ठेवतात. पण पुढच्या बैठकीत आई, वडील आणि मुलगा अशा तिघांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. प्रत्येक वॉकचा जमाखर्च वहीत लिहायचा. एप्रिल ते जून क्लासमध्ये इतिहास शिकवायचा, त्यासाठी परीक्षेचा अभ्यास कामी येतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा, म्हणजे पर्यटकांना माहिती देणाऱ्या मदतनिसाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करायचा. दिवाळीनंतर वही घेऊन पुन्हा माझ्याकडे यायचं, आणि तोवर जेवणाच्या ताटावर हा विषय काढायचा नाही. शेवटची अट आईनं घातली.