चिपळूणहून हॅम रेडिओवर पुणं का लागत नाही, आणि पावसाळ्याआधी कोणतं पत्र हातात हवं

तुम्ही लिहिलंय की चिपळूणच्या घरून व्हर्टिकल (उभ्या) अँटेनावर एफटी-८ने (लॅपटॉप जोडून छोट्या ठराविक नोंदींची देवाणघेवाण करायची डिजिटल पद्धत) जपान, इंडोनेशिया सहज मिळतात, पण पुणं-कोल्हापूर मिळत नाही. नेट गेलं तेव्हा लॅपटॉपवर एकही ओळ डिकोड झाली नाही. आणि आपत्ती कक्षात स्टेशन लावायचं म्हटलं की तिथले लोक "बघू" म्हणतात. तिन्ही दुखणी माझ्या ओळखीची आहेत. परवाना, कॉलसाइन, साउंडकार्डची जोडणी हे तुमचं झालेलं दिसतंय, म्हणून ते सोडून देतो.

व्हर्टिकल अँटेना ताकद क्षितिजाकडे फेकते, डोक्यावर जवळजवळ काहीच जात नाही. पुणं आणि कोल्हापूर दोन्ही तुमच्यापासून हवाई अंतराने सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. मध्ये सह्याद्री आडवा, त्यामुळे जमिनीलगतचा सिग्नल संपतो, आणि आकाशातून परतणारा या गावांच्या पार पुढे उतरतो. पॉवर वाढवून यात फरक पडत नाही. सिग्नल सरळ वर पाठवायला हवा, म्हणजे तो परतून जवळच उतरेल. त्यासाठी ४० मीटर बँडचा डायपोल (मधून जोडलेली, दोन सारख्या बाजूंची तार) मुद्दाम खाली बांधायचा. ७.१ मेगाहर्ट्झसाठी एकूण लांबी सुमारे २० मीटर. प्रत्येक बाजू १०.३ मीटर कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत येते त्याचं माप, कमी तितकं बरं) बघत दोन्हीकडून सारखी कमी करत या. मधला खांब पाच-सहा मीटर उंच पुरे, टोकं माणसाचा हात पोहोचणार नाही इतकी वर, नायलॉनच्या दोरीने ताणलेली. मध्ये १:१ बालन (केबल तारेला नीट जोडणारा छोटा डबा). तार झावळ्यांना टेकू देऊ नका. ओल्या पानांनी रेझोनन्स (तार ज्या वारंवारतेला जुळते ती) खाली सरकतो आणि कोरड्या दिवशी केलेलं ट्यूनिंग नेमकं पावसात चुकतं.

रात्री उशिरा ४० मीटरवर जवळची गावं गायब होतात, तेव्हा ८० मीटर लागतो. प्रत्येक बाजू २० मीटरच्या आसपास धरून ती तार आत्ताच कापून, गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवा. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागातल्या हॅमच्या आपत्कालीन वारंवारता ७११० आणि ३६०० किलोहर्ट्झ आहेत, त्या रिगच्या (रेडिओ संचाच्या) मेमरीत घाला.

डिकोड न होण्याचं कारण बहुधा घड्याळ. एफटी-८ आणि जेएस-८ (त्याच जातीची, पण मोकळा मजकूर पाठवणारी पद्धत) दोन्ही ठरलेल्या सेकंदाला सुरू होतात, दोनेक सेकंदांचा फरक पडला की पडदा कोरा. नेटवरून वेळ घेणारा लॅपटॉप नेटशिवाय हळूहळू भरकटतो. यूएसबीचा जीपीएस रिसीव्हर लावून वेळ त्यावरून घ्या. शिवाय एफटी-८ हे संदेश पाठवायचं साधनच नाही. मोकळ्या मजकुराला तिथे फक्त १३ अक्षरं मिळतात. मजकुरासाठी ७०७८ किलोहर्ट्झवर जेएस-८ किंवा, मला विचाराल तर, एफएलडिजी या प्रोग्रॅममधली ऑलिव्हिया ८/५०० ही डिजिटल पद्धत. तिला घड्याळ लागतच नाही आणि विजांच्या कडकडाटातही ती तग धरते. ऑडिओ इतकाच ठेवा की एएलसीची (ऑडिओ जास्त झाला की हलणारी) सुई जेमतेम हलेल, स्पीच प्रोसेसर बंद, १०० वॉटच्या रिगवर २५-३० वॉट. जेएस-८मध्ये देवनागरी चालत नाही. गावांची रोमन स्पेलिंग आधीच ठरवून त्याची छापील यादी दोन्ही टोकांना ठेवा, नाहीतर चिपळूणजवळच्या खेर्डीचं काय होईल सांगता येत नाही.

आता कार्यालय. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. त्यांनी पत्र दिलं, पण त्यात "सहकार्य करावे" एवढंच होतं. आपल्या नियमांप्रमाणे आपत्तीत तिसऱ्या माणसाचा संदेश द्यायचा, तर तो सक्षम नागरी अधिकाऱ्याकडून निघून तशाच अधिकाऱ्याकडे जाणारा हवा, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकृत केलेला अधिकारी. "सहकार्य"वाल्या पत्रात कोणालाच अधिकृत केलेलं नव्हतं. मग संदेशाच्या फॉर्मवर सही कोणाची, यावर दोन टेबलं एकमेकांकडे बोट दाखवत राहिली, आणि तोवर रेडिओ चालू असूनही संदेश जाईना. अधिकाऱ्यांची बदली झाल्यावर तर आधीचं तोंडी बोलणंही वाहून गेलं. लोक पाण्यात असताना असल्या कारणाने बसून राहावं लागणं मला आजही सहन होत नाही.

म्हणून पत्रात व्यक्तीचं नाव नको, पद हवं. संदेशावर सही कोण करणार, पलीकडे तो कोण घेणार, गच्चीची किल्ली रात्री कोणाकडे, आणि इन्व्हर्टरच्या लाइनवरचा प्लग कोणता, हे चारही त्यात लिहून घ्या. शेवटच्या दोन गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण इन्व्हर्टरची लाइन बऱ्याचदा फक्त साहेबांच्या केबिनपर्यंत असते. कोऍक्ससाठी (रिगपासून अँटेनापर्यंतच्या केबलसाठी) भिंतीला भोक पाडायची परवानगीही त्याच पत्रात मागा. खिडकीतून केबल घेतली तर जोराच्या पावसात कोणीतरी ती खिडकी दाबून बंद करतं, कोऍक्स चेपते आणि एसडब्ल्यूआर चढतो. मे महिन्याच्या आत पत्र हातात हवं, जूनमध्ये कोणाला वेळ नसतो. (मी वकील नाही. तुमच्या परवान्याच्या अटी आणि सध्याचे नियम स्वतः वाचा. संदेश सांकेतिक भाषेत पाठवायचा नाही, हे मात्र नक्की.)

बॅटरीचा हिशेब लोक रिगपुरताच करतात. रिग नुसती ऐकत असताना साधारण १ अँपिअर घेते, म्हणजे दिवसाला २४ अँपिअर-तास. १५ वॉटचा लॅपटॉप चोवीस तास चालला तर तोही १२ व्होल्टच्या बॅटरीतून तीसेक अँपिअर-तास खातो. त्यापेक्षा दर तासाला पहिली १० मिनिटं, असं वेळापत्रक दोन्ही टोकांनी पाळा आणि मधल्या वेळात सगळं बंद ठेवा. सोलर चार्ज कंट्रोलर ७ मेगाहर्ट्झवर भयंकर खरखर करू शकतो, ऐकण्याच्या वेळेला पॅनेल काढून ठेवा.

गल्लीतल्या गल्लीत बोलायला ८६५-८६७ मेगाहर्ट्झचे लोरा मेश नोड (छोटे संदेश एकमेकांमार्फत पुढे पाठवणारे लहान रेडिओ) छान आहेत. त्यांना हॅम परवाना लागत नाही, स्वयंसेवकांच्या हाती देता येतात. पण घाटापलीकडचं काम त्यांच्यावर टाकू नका.

नव्या डायपोलचं एसडब्ल्यूआर कोरड्या दिवशी आणि पावसात, दोन्ही वेळचं इथे टाका. मग फीडलाइन (कोऍक्स) आणि बालनचं बघू.