कठीण वेळापत्रकाचा अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या टीमवर आणि कोचवर खरंच इतका परिणाम होतो का?

होतो, आणि वरवर दिसतो त्यापेक्षा बराच जास्त होतो. मी फ्लोरिडा विद्यापीठात, गेन्सव्हिलला शिकलो. तिथल्या गेटर्स टीमवर माझा अजून जीव आहे, म्हणून उदाहरणही तिचंच देतो.

आधी एक गोष्ट: वेळापत्रक कोचच्या हातात नसतं. कॉन्फरन्समधले, म्हणजे आपल्या विद्यापीठांच्या गटातले, सामने ती कॉन्फरन्स ठरवते आणि बाहेरच्या मोठ्या टीमशी करार कित्येक वर्षं आधीच झालेले असतात. 2024 मध्ये कोच बिली नेपियर यांच्या वाट्याला बारा सामन्यांत मायामी, टेनेसी, जॉर्जिया, टेक्सस, एलएसयू (लुइझियाना स्टेट), ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) असे एकेक तगडे प्रतिस्पर्धी आले.

अशा सीझनमध्ये खरी कसोटी लागते राखीव खेळाडूंची. टेनेसीविरुद्ध मुख्य क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) ग्रॅहम मर्ट्झचा गुडघा गेला आणि त्याचा सीझन तिथेच संपला. तीन आठवड्यांनी जॉर्जियाविरुद्ध त्याच्या जागी खेळणारा पहिल्या वर्षाचा डीजे लॅगवे मांडीचा स्नायू दुखावून बाहेर गेला. मग मैदानात आला एडन वॉर्नर, येल विद्यापीठातून आलेला, स्कॉलरशिपसुद्धा नसलेला मुलगा. तरी चौथ्या म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये 20-20 अशी बरोबरी होती! शेवटी 34-20 ने हरलो. पुढच्याच शनिवारी टेक्ससशी त्यांच्या मैदानावर गाठ, तिथेही 49-17 ने हरलो. तिथे एखादी दुबळी टीम समोर असती तर वॉर्नरला घेऊनही निभावलं असतं. जखमी माणूस बरा व्हायला जे दोन आठवडे लागतात, तेच असं वेळापत्रक देत नाही.

त्या टेक्सस सामन्याच्या दोनच दिवस आधी विद्यापीठाने जाहीर केलं की नेपियरच कोच राहतील. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला होता. लॅगवे परतला, एलएसयूला 27-16 आणि ओल मिसला 24-17 ने हरवलं, आणि सीझननंतरचा बोल सामना धरून आठ विजय, पाच पराभव असा हिशेब झाला.

पण अशी सबब एकदाच चालते. 2025 चं वेळापत्रकही तसंच खडतर होतं. सप्टेंबरमध्ये एलएसयू आणि मायामी लागोपाठ, दोन्ही त्यांच्या घरी. त्यामुळे त्याआधी घरच्या मैदानावर साउथ फ्लोरिडा या दुसऱ्या विद्यापीठाला हरवणं भागच होतं, आणि नेमका तोच सामना शेवटच्या क्षणाच्या फील्ड गोलवर (खांबांमधून चेंडू मारून मिळणारे तीन गुण) 18-16 असा हातचा गेला. मग एलएसयू आणि मायामी दोघांशीही हरलो. पुढे टेक्ससला हरवूनही लोकांचा राग निवला नाही. माझ्या मते नेपियर यांची नोकरी त्या 18-16 च्या दिवशीच गेली होती. प्रत्यक्षात 19 ऑक्टोबरला त्यांना काढलं, मिसिसिपी स्टेटला 23-21 ने हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी.