स्टुडिओ फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यावरून बदलणारा वायरलेस रिमोट घ्यावा का, की उगाच खर्च? घ्यायचा तर कोणता?

घ्या. खरं तर एवढंच लिहून थांबले असते. पण "लाइटपर्यंत चालत जायला काय होतं, असं सीनियर म्हणतात" हे तुमचं वाक्य वाचलं आणि बसले लिहायला. हे वाक्य मी चार वर्षं ऐकलंय.

ज्या सरांच्या हाताखाली शिकले त्यांना नुसता फ्लॅश उडवणारा ट्रिगर चालायचा. कॅमेऱ्यावरून पॉवर बदलणं मात्र आळशीपणा. एकदा एका ऐंशीच्या आजींचं पोर्ट्रेट होतं. समोर मोठा सॉफ्टबॉक्स (लाइटवर चढवायची, उजेड मऊ करणारी कापडी पेटी), एक लाइट बॅकग्राउंडवर आणि एक बूमवर, म्हणजे डोक्यावर येणाऱ्या आडव्या दांड्यावर, केसांसाठी. पहिल्याच फोटोत केसांचा नुसता पांढरा गोळा, एक बट वेगळी दिसेना. केसांच्या लाइटची पॉवर १/४ होती, म्हणजे पूर्ण ताकदीच्या पाव. स्टूल ओढलं, चढले, १/८ केली, उतरले. तरी केस पांढरेच येत होते. पुन्हा स्टूल. त्या जुन्या लाइटची आणखी एक खोड होती: पॉवर खाली आणली तरी आत साठलेला चार्ज आपोआप उतरायचा नाही, टेस्टचं बटण दाबून एकदा उडवावा लागायचा. मी विसरले, म्हणून १/१६ वरचा पहिला फोटोही पांढराफटक. परत चढले. दर वेळी बूम डुलायचा आणि आजी मान वर करून म्हणायच्या, "पडशील गं."

केस जमले तोवर आजी दमल्या होत्या. सुरुवातीला कोणाची तरी नक्कल करून सांगत होत्या, तो चेहरा गेला तो गेलाच. रिमोट असता तर अंगठ्याने दोन स्टॉप खाली आणले असते (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), डोळा व्ह्यूफाइंडरवरून फार तर दोन सेकंद हलला असता.

सरांचं म्हणणं, "पॉवरला हात कशाला लावलास? लाइट मागे घ्यायचा." हे मला आजही पटत नाही. अंतर दुप्पट केलं की प्रकाश एक चतुर्थांश होतो, म्हणजे दोन स्टॉपच, कबूल. पण मागे गेलेला सॉफ्टबॉक्स माणसाच्या मानाने लहान होतो, सावलीची कड धारदार होते, बॅकग्राउंडवर पडणारा उजेडही बदलतो. पॉवर कमी केली तर फक्त उजेड कमी होतो, बाकी सगळं जागच्या जागी. दोन वेगळ्या गोष्टी आहेत या. वर बूमवरचा लाइट मागे म्हणजे कुठे घेणार, छतात?

पुढे स्वतःच्या पैशाने रिमोट घेतला आणि पहिल्याच कामाला सरांसमोर फजिती झाली. मी बटण दाबलेलं नसताना माझे लाइट उडायला लागले. पलीकडच्या सेटवरच्या फोटोग्राफरकडे त्याच कंपनीचा ट्रिगर होता आणि दोघांनीही चॅनेल, म्हणजे रिमोट आणि लाइट ज्या नंबरवर एकमेकांशी बोलतात तो, १ तसाच ठेवलेला. सर एवढंच म्हणाले, "तुझा लाइट आता लोकांच्या बोटावर नाचतो." चॅनेल बदलायला अर्धा मिनिट लागला. तो टोमणा मात्र अजून ऐकते. तेव्हा डबा उघडल्या उघडल्या चॅनेल बदला. मेन लाइट ए, बॅकग्राउंड बी, केसांचा सी असे ग्रुप पाडा, म्हणजे प्रत्येकाची पॉवर वेगळी बदलता येते, आणि ते कधीच बदलू नका, बोटांना पाठ होतात.

आता आधीच सांगायला हवं होतं ते. कुठलाही रिमोट कुठल्याही लाइटची पॉवर बदलत नाही. तुमच्या लाइटमध्ये त्याच सिस्टिमचा रिसीव्हर आतच असेल किंवा त्याला जोडता येत असेल, तरच. बाकीचे नुसता फ्लॅश उडवतात. शटर कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या (फ्लॅशबरोबर नीट चालणारा सगळ्यात वेगवान शटर) आत ठेवा, बहुतेकांचा १/२०० सेकंदाच्या आसपास असतो. त्यापुढे गेलात की फोटोत काळी पट्टी येते आणि दोष बिचाऱ्या रिमोटला जातो. हाय स्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) त्यावर उपाय आहे, पण लाइट त्याला चालणारा हवा आणि त्यात पॉवरचा बराच भाग खर्ची पडतो. फार जुना फ्लॅश असेल तर त्याच्या सिंक टोकावरचं (कॅमेरा किंवा ट्रिगर जिथे जोडतात तिथलं) व्होल्टेज तपासल्याशिवाय कॅमेऱ्याला काहीही जोडू नका. आणि बॅगेत सिंक केबल (कॅमेरा थेट लाइटला जोडणारी वायर) ठेवाच, रिमोटचा सेल नेमका क्लायंट बसल्यावर संपतो. (केबल ठेवायची सवय सरांचीच, हे मान्य. हाताने पॉवर बदलून शिकल्यामुळे एक स्टॉप म्हणजे किती हे न बघता कळतं, हेही मान्य. पण त्यासाठी आजींना ताटकळत ठेवायची गरज नव्हती.)

कोणता घ्यावा हे कसं सांगू? लाइट कुठला आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. मॉडेल कळवा, मग बोलू.