दारातली गाडी आणि पेवातली हळद

"मावशी, मी 31 वर्षांचा. कुपवाड एमआयडीसीत नोकरी, हातात 34,000 येतात. तासगावजवळ वडिलांची दोन एकर द्राक्षबाग आहे. तीन स्थळं आली, तिघांनीही विचारलं, 'चारचाकी कुठली?' म्हणून 14 लाखांची गाडी बुक केली. डाऊन पेमेंटच्या 2 लाखांसाठी आई पाटल्या मोडायला तयार आहे, बाकी 12 लाख कर्ज. मित्र म्हणतो, साठलेले पैसे तीन वर्षांत दामदुप्पट देणाऱ्या योजनेत टाक, हप्त्यांचं टेन्शन नाही. काय करू? ता. क. बुकिंगचे 11,000 भरलेत, ते बुडतील का?"

अरे बाबा,

तुझं पत्र वाचून आधी कॅलक्युलेटर काढला. म्हटलं, राग नंतर काढू.

12 लाख, सात वर्षं, साडेनऊ टक्के धरले तर हप्ता येतो 19,600च्या आसपास. तुझ्या हातात उरले 14,400. त्यातच डिझेल, गाडीचा विमा, घरखर्च, आणि ज्या लग्नासाठी हे सगळं चाललंय ते झालं तर दोघांचा संसार. सात वर्षांत नुसतं व्याजच साडेचार लाखांच्या घरात जातं. एवढं होऊन पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

माझे वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानी दिवाणजी होते. तिथे एक म्हातारे व्यापारी यायचे, सायकलवर, धोतराला दोन ठिकाणी टाके. ते आले की वडील गादीवरून उठायचे. मी लहान, विचारलं का हो? तर म्हणाले, "त्यांची हळद हरिपुरात आहे." सांगलीशेजारच्या हरिपूरची पेवं तू ऐकली असशील. जमिनीत खोल खणायची, हळद भरायची, वरून तोंड बुजवून टाकायचं. वरून चालणाऱ्याला पत्ताही नसायचा की पायाखाली किती पोती आहेत. भाव चढला की उघडायची, आणि उघडल्यावरही आतली कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी उतरायचं नाही. दुसरे एक गृहस्थ जीपमधून यायचे. त्यांना चहा मिळायचा, पण वडिलांच्या वहीत त्यांच्या नावापुढे उचल, उचल आणि उचल. (आता गावोगावी जीपांचंच पेव फुटलंय, ते सोड.)

मुलीकडच्यांना मी नावं ठेवणार नाही. लेक द्यायची तर घर धडधाकट आहे का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. तू दुसरं काही दाखवत नाहीस, म्हणून ते गाडी विचारतात. पुढच्या वेळी पोहे झाले की सरळ सांग, पगार एवढा, शिल्लक एवढी, बागेवर सोसायटीचं कर्ज एवढं. एखादं स्थळ जाईल, जाऊ दे. आणि मुलीशी एकटं बोलायला मिळालं तर तिलाच विचार, 14,400मध्ये सात वर्षं काढशील का?

मित्राच्या योजनेबद्दल. 72 ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतात ते कळतं. 7 टक्क्यांना दहा वर्षं. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला 26 टक्के झाले. कर्जावर साडेनऊ टक्के घेणारी बँकसुद्धा तेवढं कमवत नाही, मग हा कुठून देणार? मित्राला हेच विचार आणि त्याच्या तोंडाकडे बघ.

तुझी हप्त्याची ताकद 19,600ची नाहीच, पण 5,000ची नक्की आहे. आधी सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढ, अवकाळी तुझ्या बागेला विचारून येत नाही. स्वतःचा टर्म विमा घे, साधा, पैसे परत न देणारा. मग पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीचं 15 वर्षांचं खातं. एप्रिल 2020 मध्ये त्याचा दर 7.1 टक्के झाला आणि कित्येक तिमाह्या तो तसाच राहिला. तोच धरला तर महिन्याला 5,000 प्रमाणे 15 वर्षांत भरलेले 9 लाख पावणेसोळा लाखांच्या आसपास जातात. पैसे 5 तारखेच्या आत भर, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्यावर मिळत नाही. शेअर बाजारातल्या फंडात एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, जरूर कर, पण वर्षभर नुसतं वाचून, आणि 500 रुपयांनी सुरुवात करून. पडलेला बाजार बघून झोप लागते का, ते तेवढ्यात कळतं.

सगळं एकाच जागी मात्र नको. 2005च्या महापुरात हरिपूरच्या पेवांतही पाणी शिरलं होतं. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पाऊण टक्का जास्त मिळतो म्हणून तिकडे धावणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना हे कोणी सांगत नाही.

पाटल्या आजच कपाटात ठेवायला सांग. आईने "असू दे रे" म्हटलं तरी.

बुकिंगचं म्हणशील तर पावतीमागच्या अटी वाच आणि लेखी अर्ज दे. थोडं कापून बहुतेक परत मिळतील. समजा एकही रुपया नाही आला, तरी ते एका हप्त्याहून कमीच आहेत.

तुझी मावशी