पोट, ताट आणि डोळ्याचा पडदा

गेल्या महिन्यात मी इंदूरच्या लोकमान्य नगरात ज्येष्ठांशी डोळ्यांच्या आजारांबद्दल बोलले. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत प्रश्न होते ते मात्र खाण्याचे आणि वजनाचे.

वय ६८, उंची पाच फूट पाच इंच, वजन ८६ किलो. उजव्या डोळ्याच्या पडद्याची झीज सुरू झाली आहे. डॉक्टर म्हणतात, वजन उतरवा. पोटाचा डोळ्याशी काय संबंध? (निवृत्त शिक्षक, रामबाग)

संबंध आहे, काका. पडद्याच्या मधोमध पीतबिंदू असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं त्याच्याच बळावर चालतं. त्याचा पिवळेपणा ल्युटीन आणि झियाझँथिन या द्रव्यांचा. शरीर ती तयार करत नाही, ती ताटातूनच यावी लागतात. ही द्रव्यं चरबीत विरघळतात. अंगावर चरबी फार असली की ती तिथेच मुरतात आणि पडद्याच्या वाट्याला कमी येतात. शिवाय पोटावरची चरबी शरीरात सतत बारीक दाह पेटता ठेवते, साखर आणि रक्तदाबही वाढवते. लठ्ठ माणसांत ही झीज पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, ३१च्या वर जातो. भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. मी तर आधी कमरेला टेप लावायला सांगते: पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८०च्या.

खायचं काय? पालक, मेथी, अंड्याचा पिवळा बलक. पिवळ्या मक्यात झियाझँथिन असतं, म्हणजे आपला भुट्ट्याचा कीस वर्ज्य नाही, फक्त तूप हात राखून घाला. अगदी बिनतेलाची भाजी करू नका. थोडी फोडणी असली तरच ही द्रव्यं अंगी लागतात. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पालेभाजी एकदम वाढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. कमी करायची ती रोजची सेव, कचोरी आणि सराफ्यातल्या खाऊगल्लीची रात्रीची फेरी. सिगारेट किंवा बिडी ओढत असाल तर ती आजच बंद. टाळता येण्याजोग्या कारणांत तिच्याइतकं घातक दुसरं नाही.

गेलेली नजर वजन उतरल्याने परत येत नाही, हेही सांगायला हवं. रोज सकाळी एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघा. सरळ गज वाकडे दिसले, तर त्याच आठवड्यात पडदा तपासून घ्या.

डोळ्यांसाठी जाहिरातीतल्या कॅप्सूल घ्याव्यात का?

सरसकट नाही. अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. ठरावीक मात्रेतली क आणि ई जीवनसत्त्वं, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबं दिल्यावर मध्यम टप्प्यातली झीज गंभीर होण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. ज्यांना झीज नाही किंवा नुकती सुरू झाली आहे, त्यांना फायदा दिसला नाही. बीटा कॅरोटीनमुळे धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून २०१३ नंतर त्याच्या जागी ल्युटीन आणि झियाझँथिन आलं. त्याच वेळी माशाच्या तेलातलं ओमेगा-३ जोडून पाहिलं, त्याने जास्तीचा लाभ झाला नाही. तुमचा टप्पा कोणता, हे पडदा बघूनच कळतं.

गाजराचा रस रोज घेतला तर मोतीबिंदू विरघळेल?

नाही. भिंगातली प्रथिनं एकदा गढूळ झाली की ती निवळत नाहीत. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय. गाजर कोशिंबिरीत खा. मधुमेह असेल तर रस नकोच.

बारा वर्षं मधुमेह आहे. आठवड्याच्या इंजेक्शनने चार महिन्यांत ११ किलो वजन उतरलं, साखरही झरझर खाली आली. पण नजर धूसर झाली. असं उलटं कसं? (वय ५९)

ताई, दोन कारणं संभवतात. साखर बदलते तेव्हा भिंगाची जाडी बदलते आणि नंबर काही आठवडे डळमळतो. दुसरं कारण जास्त काळजीचं. पडद्यावर आधीच मधुमेहाचे डाग असताना साखर झपाट्याने उतरली, तर सुरुवातीच्या काळात ते वाढू शकतात. इन्सुलिनच्या बाबतीत हे पूर्वीपासून माहीत आहे. सेमाग्लुटाइड या आठवड्याच्या इंजेक्शनाच्या २०१६ मधल्या चाचणीतही पडद्याच्या तक्रारी जास्त आढळल्या. पुढे मात्र आटोक्यातली साखरच डोळा वाचवते. तेव्हा इंजेक्शन मनाने बंद करू नका. याच आठवड्यात बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. खरं तर तो इंजेक्शन सुरू करण्याआधीच बघायला हवा होता.

आई ७६ वर्षांची, बारीकच आहे. तीन महिन्यांत आणखी सहा किलो उतरली. घास चावताना जबडा दुखतो, कानशिलावर फणी फिरली तरी कळ येते. परवा काही मिनिटं एका डोळ्यापुढे अंधार आला. लठ्ठ नाही, म्हणजे डोळ्यांची भीती नाही ना? दात बघून घेऊ का?

हे पत्र वाचून मी आधी फोन केला. इथे लिहिते आहे ते इतर घरांसाठी.

बारीक माणसालाही मधुमेह होतो, पडदाही झिजतो. पण इथली लक्षणं वेगळ्याच दुखण्याची होती. पन्नाशीनंतर काहींच्या कानशिलाच्या रोहिणीला, म्हणजे रक्तवाहिनीला, सूज येते, तीच सूज डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नसांत पसरते. भूक मंदावते, वजन उतरतं, जबडा चावताना दुखतो. आपल्याकडे हे दुखणं क्वचित दिसतं, म्हणून सगळा दोष दातांवर जातो. एका डोळ्याची नजर गेली तर ती बहुधा परत येत नाही, आणि उपचार नसतील तर दुसराही काही दिवसांत जाऊ शकतो. म्हणून ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या तातडीने करतात आणि संशय दाट असेल तर बायोप्सीच्या अहवालासाठी न थांबता स्टिरॉइड सुरू करतात.

आईंचं रक्त त्याच संध्याकाळी तपासलं, रात्री औषध सुरू झालं. दोन्ही डोळ्यांना दिसतं आहे.