आईचा आजार आणि मुलीची वही

ताईंनी टेबलावर आधी रिपोर्ट नाही, वही ठेवली. दोनशे पानी, रेघांची. आत तारखा होत्या. ‘१४ जून : शेजारच्या वहिनींचं माहेरचं आडनाव आठवलं नाही.’ ‘१७ जून : दूध उतू गेलं.’ ‘२ जुलै, रात्री : किल्ल्या फ्रिजवर सापडल्या.’ अशी पानंच्या पानं भरली होती. मग पर्समधून घडी घातलेला कागद निघाला. त्यांच्या मुलीनं हौसेनं मागवलेल्या, लाळेवरून जनुकं तपासणाऱ्या किटचा तो निकाल होता. त्यातल्या एका ओळीखाली लाल पेनानं रेघ मारलेली : एपीओई-४, एक प्रत.

“आईला झालाय. आता मलाही होणार, हेच लिहिलंय ना यात?”

मी जनुकीय समुपदेशक, म्हणजे आजार घराण्यातून येतो का हे समजावून सांगणारी. अल्झायमर झालेल्या आईवडिलांची मुलं माझ्याकडे येतात, ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन. (ओळख पटू नये म्हणून या हकिकतीतले तपशील बदलले आहेत.) या ताई ४८ वर्षांच्या, बँकेत अधिकारी. आई ७८ वर्षांची, तिचं विसरणं ७४व्या वर्षी सुरू झालं. गेल्या दिवाळीपासून ती लेकीला ‘आक्का’ म्हणते, स्वतःची थोरली बहीण समजून. ताई रात्री तिच्याजवळ झोपतात, म्हणजे झोपत नाहीतच. मार्चमध्ये आलेली बढती त्यांनी नाकारली होती. “दोन वर्षांनी मला हिशेब जमले नाहीत तर? चार लोकांत शोभा कशाला?” हे ऐकून मला फार वाईट वाटलं. ज्या आजाराचा पत्ता नाही, त्याच्या भीतीनं हातातलं काम सोडलेलं मी याआधीही पाहिलं आहे.

रिपोर्ट मी बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला. जनुकीय समुपदेशनात सुरुवात वंशवृक्षापासून होते : पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ. प्रत्येकाचा आजार कितव्या वर्षी सुरू झाला, हा आकडा मी सगळ्यात आधी विचारते. आई, दोन मावश्या, दोन मामा. मोठ्या मामांशी आल्यावर ताई थांबल्या.

“ते ५२व्या वर्षी गेले. शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हते. घरात म्हणायचे, डोक्यावर परिणाम झाला होता. त्याबद्दल कुणी बोलत नाही.”

आता मलाही जपून बोलणं भाग होतं, कारण ५२ हा आकडा वेगळा असतो. अल्झायमरचा एक प्रकार थेट वारशानं येतो. पीएसईएन-१, पीएसईएन-२ आणि एपीपी या तीन जनुकांपैकी एकात दोष असला, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते आणि ज्याला मिळतो त्याला आजार बहुधा होतोच, तोही साठीच्या आत. कोलंबियातल्या अँटिओक्विया भागात पीएसईएन-१च्या एकाच दोषानं एकमेकांच्या नात्यातल्या कितीतरी कुटुंबांतली माणसं पंचेचाळिशीच्या आसपास विसरू लागतात. तिथले न्यूरॉलॉजिस्ट डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी त्या कुटुंबांचा अनेक दशकं अभ्यास केला. पण असे रुग्ण एकूण अल्झायमरच्या एक टक्क्याहूनही कमी. मामा त्यांतले होते का, हे ताईंच्या रिपोर्टवरून नव्हे, मामांच्या हकिकतीवरून कळणार होतं.

“कराडच्या मावशी आहेत ना? त्यांना विचाराल?”

पुढच्या भेटीत ताई आल्या त्या बसायच्या आतच बोलू लागल्या. मामा स्कूटरवरून पडले होते. डोक्याला मार लागला, आत रक्त साकळलं, ऑपरेशन झालं, त्यानंतर ते पूर्वीसारखे राहिलेच नाहीत. अपघाताआधी विसरण्याची तक्रार नव्हती. आजीला हे नीट सांगायचं नाही असं तेव्हा ठरलं, आणि पुढे सगळ्यांनीच बोलणं सोडलं. तीस वर्षं त्या घरातल्या मुली ‘आपल्यात आहे ते’ एवढंच ऐकत मोठ्या झाल्या. वंशवृक्षात आता लहान वयातला आजार उरला नाही. मामांचं विसरणं अपघाताशिवायच ४४व्या वर्षी सुरू झालं असतं, पुढे त्यांच्या मुलाचंही तसंच झालं असतं, तर मी त्या दिवशीच त्यांना न्यूरॉलॉजिस्ट आणि जनुकतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

मग रिपोर्ट उघडला. एपीओई हे जनुक १९व्या गुणसूत्रावर असतं. त्यातून बनणारं प्रथिन मेंदूत चरबीची ने-आण करतं. त्याचे मुख्य प्रकार तीन : २, ३ आणि ४. चौथ्या प्रकारात मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन साफ होण्याचं काम मंदावतं आणि जोखीम वाढते, हे १९९३पासून माहीत आहे. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून; त्यांतली एक चौथ्या प्रकारची असली की जोखीम साधारण तिप्पट होते. ताईंनी हा ‘तिप्पट’ इंटरनेटवर वाचला होता आणि तिथंच अडकल्या होत्या. तिप्पट कशाच्या, हे कुणी सांगितलं नव्हतं. फ्रान्स आणि अमेरिकेतल्या माहितीवरून २०११मध्ये मांडलेला अंदाज असा : अशी एक प्रत असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ३० जणींना वयाच्या ८५पर्यंत अल्झायमर होतो. मी कागदावर शंभर ठिपके काढले. त्यांनी पेन घेतलं आणि तिसांभोवती गोल केला. उरलेल्या सत्तरांकडे बराच वेळ पाहत बसल्या. मी त्यांना हेही सांगितलं की हे आकडे आपल्याकडच्या लोकांवरून काढलेले नाहीत, आणि लाळेच्या किटचा निकाल वैद्यकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्याशिवाय त्यावर कुठलाही निर्णय घेऊ नये. धोका नाही, असं मी म्हणाले नाही. धोका आहे, आणि तो वाढलेलाच आहे.

“मग ही वही?”

“आईंचं विसरणं आधी कुणाच्या लक्षात आलं?”

“माझ्या. ती म्हणायची, मला काही झालेलं नाही, तूच उगाच बोलतेस.”

“आणि तुमचं?”

ताई वहीकडे बघत राहिल्या. सकाळी काय विसरलं ते रात्री वेळेसकट लिहून काढणारं डोकं बरंच काही लक्षात ठेवत असतं. अर्थात एवढ्यावर निदान होत नाही, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. बी-१२ खूपच कमी निघालं. घर पूर्ण शाकाहारी, त्यामुळे नवल नव्हतं. रक्तदाब १५०/९६, ज्याची कुणी कधी दखलच घेतली नव्हती. त्यात पाळी बंद होण्याचं वय आणि सहा महिन्यांची जागरणं. बी-१२च्या कमतरतेनंही विसरायला होतं, आणि ते औषधानं सुधारू शकतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४मध्ये बदलता येणारे १४ धोके मांडले. मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल, बहिरेपण अशांचा त्यांत समावेश आहे. स्मृतिभ्रंशाच्या जवळपास ४५ टक्के प्रकरणांशी या धोक्यांचा संबंध असावा, असा त्यांचा अंदाज आहे. ताईंना डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं, आणि यंत्र लावायला त्या लाजत होत्या. त्या दिवशी आम्ही जनुकांपेक्षा कानाबद्दल जास्त बोललो.

मुलीच्या लग्नाचा प्रश्नही आला, तो येतोच. स्थळांना सांगावं लागेल का? ही प्रत मुलीकडे आली असेल किंवा नसेलही, शक्यता निम्मी. पाश्चात्त्य देशांत चौघांमागे साधारण एकाकडे ती असते, आपल्याकडे काहीशी कमी. ज्यांना सांगायचं म्हणता, त्यांच्याही घरात ती असू शकते. तो आजार नव्हे. मुलगी सज्ञान आहे, तपासायचं की नाही हे ती ठरवेल.

खरा गुंता भावाचा होता. ताईंना रिपोर्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा होता. भाऊ फोनवर एवढंच म्हणाला, “मला नको सांगूस.” ताईंना तो पळपुटेपणा वाटला. मला तसं वाटत नाही. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जनुकसंच २००७मध्ये जाहीर झाला, तेव्हा एपीओईचा भाग वगळायला त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. माहीत करून घेणं हा जसा हक्क आहे, तसाच न घेणं हाही. मात्र रक्तदाब तपासून घे, हे भावाला सांगायला कुणाच्या जनुकाची गरज नाही.

चार महिन्यांनी त्या शेवटच्या भेटीला आल्या, कानात यंत्र लावून. बढतीचं अजून ठरलेलं नव्हतं, पुढच्या वेळी अर्ज करेन म्हणाल्या. आईसाठी रात्रीची बाई ठेवली होती. वही आणली नव्हती. वंशवृक्षाचा कागद मात्र आणला होता. मोठ्या मामांच्या चौकोनाखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘अपघात’. त्यांनी त्याची एक झेरॉक्स मागितली.

“दादासाठी,” त्या म्हणाल्या. “देणार नाही. विचारलं तर असावी जवळ.”