पक्षीनिरीक्षणाचा गट सुरू करतोयस, तर

आधी पैशांचं मिटवून टाक. वर्गणी वर्षातून एकदाच, जानेवारीत, सगळ्यांकडून सारखी घे, विद्यार्थ्यांना निम्मी. भिगवणच्या सहलीचं गाडीभाडं, होडीचे पैसे त्यात मिसळू नकोस. जो येईल तो आपला वाटा देईल. हिशेब दोघांकडे असू दे आणि महिना संपला की बिलांच्या फोटोंसकट सगळ्यांसमोर ठेव, कुणी मागायची वाट न बघता. एखादा रिसॉर्टवाला प्रायोजक व्हायला आला तर नाही म्हण. पैसे घेतले की त्याच्या जाहिरातीही झेलाव्या लागतात.

खरी कसोटी घरट्यांची. पावसाळा लागला की कोकणात नवरंग घरटी बांधतो, आणि कुणीतरी हौसेने फोटोसोबत जागेचा पत्ताही टाकतं. दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची रांग. पक्षी घाबरून घरटंच सोडून देऊ शकतो. असा फोटो दिसताक्षणी काढून टाक. टाकणाऱ्याला चारचौघांत झापू नकोस, फोन करून समजाव. १९७२च्या वन्यजीव कायद्यात अंडी-घरट्यांना त्रास देणं शिकारीतच धरलंय, हे सांगितलं की बहुतेकांना पटतं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्यालाही हाच नियम, मग तो कितीही मोठा फोटोग्राफर असो.

नवख्याची ओळख चुकली तर मात्र कुणाला हसू देऊ नकोस. त्याने शिक्र्याला ससाणा म्हटलं, तर शिक्र्याचे पंख टोकाशी गोलसर आणि ससाण्याचे निमुळते, हे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवणारा एक जण पुढे यायला हवा. सुरुवातीला तो तूच हो.